येल नावाचा माणूस आणि येल नावाचं कॉलेज

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी लेकीला कॉलेजं दाखवत फिरताना आम्ही अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवनला, येल विद्यापीठ बघायला गेलो. तिनं विचारलं, "बाबा, येल म्हणजे कोण?" मी म्हणालो, "संस्थापक, दुसरं कोण!" घरी येऊन वाचायला बसलो आणि कळलं, की लेकीला चुकीचं सांगितलं.

एलिहू येल १६४९ साली बॉस्टनला जन्मला खरा, पण लहानपणीच घरच्यांबरोबर इंग्लंडला गेला आणि पुन्हा अमेरिकेत फिरकला नाही. १७०१ मध्ये कनेटिकटच्या विधिमंडळानं कॉलेजला सनद दिली, त्यात त्याचा काडीचा हात नव्हता. दहा पाद्री जमले, एकेकानं आपली पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही घ्या कॉलेजसाठी," अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. पहिले प्रमुख एब्राहम पिअरसन. किलिंगवर्थच्या आपल्या घरातच ते शिकवत, १७०७ मध्ये वारेपर्यंत.

पुढे न्यू हेवनला इमारत उभी राहत होती, पैसा हवा होता. कॉटन मेदर या बॉस्टनच्या पाद्र्यानं येलला पत्र घातलं: कॉलेजला तुमचं नाव लागलं, तर ते पिरॅमिडपेक्षा मोठं स्मारक होईल. १७१८ मध्ये येलनं मालाच्या नऊ गाठी, ४१७ पुस्तकं आणि राजा जॉर्जचं चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले. नाव लागलं.

ही श्रीमंती मद्रासची. १६८७ ते १६९२ तो तिथला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. त्या काळात तिथून गुलामही जहाजांत भरून जात, हे आपण विसरू नये. खाजगी व्यापाराच्या आरोपांवरून त्याचं पद गेलं.

आणि इथं आपला इतिहास येऊन भिडतो. १६९० साली राजाराम महाराज जिंजीला होते, मोगल चालून आलेले, पैशाची निकड. कडलूरजवळचा किल्ला त्यांनी इंग्रजांना विकला, तो येलच्याच कारकिर्दीत. अट अशी, की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरचा मुलूख इंग्रजांचा. त्यातली गावं पुढे तोफगोळ्याची गावं म्हणून ओळखली गेली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

संस्थापक म्हणून मी पिअरसन आणि त्या पाद्र्यांचंच नाव घेईन. येल देणगीदार, तोही उशिरा आलेला. पिअरसन यांचा पुतळा ओल्ड कॅम्पसवर आहे. मुलांना घेऊन गेलात, तर आधी तिथं थांबा.