सतरा इंचांचा हिशेब

(दृश्य: रिकामी केबिन. आर्मरेस्टवर ठेवलेली मोजपट्टी.)

विमानात एका माणसाला जागा मिळते किती, ते आधी मोजू. बोइंग ७३७ विमानाची केबिन आतून साधारण १३९ इंच रुंद. रांगेत सहा खुर्च्या. मधल्या वाटेचे २० इंच काढा, आठ आर्मरेस्टचे दोन-दोन धरून १६ काढा. उरले १०३. म्हणजे माणशी १७ इंच आणि वर चिमूटभर. एअरबस ए३२० जरा रुंद, तिथं माणशी १८ इंच येतात. भारतात इंडिगो आणि एअर इंडियाची बरीचशी देशांतर्गत विमानं या ए३२०च्याच घराण्यातली.

बोइंग ७७७मध्ये तर खरा खेळ उघडच दिसतो. तिथं आधी रांगेत नऊ खुर्च्या असायच्या, मग अनेक कंपन्यांनी त्याच जागेत दहा बसवल्या. साडेअठरा इंचांची खुर्ची सतरावर आली. प्रवासी जाड झाले म्हणून जागेवरून भांडणं वाढली, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे माप पाहावं.

(दृश्य: आर्मरेस्टच्या बिजागरीखाली चाचपणारी बोटं.)

अंगानं मोठ्या माणसानं खुर्ची निवडताना काय पाहावं? वाटेकडच्या खुर्चीचा बाहेरचा आर्मरेस्ट पक्का वाटतो, पण बऱ्याच विमानांत बिजागरीपाशी खालच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती दाबली की तो वर जातो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र खाली हवा. खिडकीपाशी अडचण वेगळी. भिंत आत वळते, त्यामुळे कंबर मावली तरी खांदा अडतो. सगळ्यात फसवी ती पुढची, भिंतीसमोरची रांग. पाय पसरायला मिळतात म्हणून लोक जादा पैसे मोजतात, पण तिथं ट्रे आर्मरेस्टमध्येच असतो. म्हणून आर्मरेस्ट उचलता येत नाही.

पट्टा पुरत नसेल तर विमानात शिरतानाच केबिन क्रूकडे एक्स्टेन्शन, म्हणजे पट्ट्याला लावायचा जादा तुकडा, मागावा. बाजारातून आणलेला चालत नाही. बकल सगळीकडे सारखं नसतं आणि एअरबॅग असलेल्या पट्ट्याला साधा जोड लागतच नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत एक्स्टेन्शन सहसा देत नाहीत, कारण लोंबणारा पट्टा बाहेर पडणाऱ्यांच्या पायांत अडकू शकतो.

दुसरी सीट घ्यायची तर ती एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर), शक्यतो कंपनीला फोन करून घ्यावी. गेटवर दोन्ही बोर्डिंग पास स्कॅन करून घ्या. एकच झाला तर दुसऱ्या सीटचा प्रवासी आलाच नाही, अशी नोंद पडते आणि ती सीट प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी मिळते. ऐनवेळी विमान बदललं तर सीट क्रमांक पुन्हा तपासा. एक सीट बाराव्या रांगेत आणि दुसरी विसाव्या, असंही होऊ शकतं. तिचा उपयोग काय!

आणि पैसे कोणी द्यायचे?

अमेरिकेत साउथवेस्ट ही विमान कंपनी बराच काळ उदार होती. जादा सीटचे पैसे प्रवासानंतर परत मिळत, नाहीतर गेटवरच फुकट सीट मागता येई. २७ जानेवारी २०२६पासून सीट आधीच विकत घ्यावी लागते आणि परतावा अटींवर मिळतो. त्यातली मुख्य अट म्हणजे विमान निघताना किमान एक जागा रिकामी हवी. म्हणजे भरलेल्या विमानात, जिथं जागेची गरज सर्वात जास्त, तिथंच खिशाला कात्री.

कॅनडानं उलट बाजूनं विचार केला. जानेवारी २००८मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं एअर कॅनडा आणि वेस्टजेट या विमान कंपन्यांना आदेश दिला: माणूस एक, तर भाडंही एक. अपंगत्वामुळे, त्यात स्थूलतेमुळे आलेलं अपंगत्वही धरून, जादा सीट लागणाऱ्यांकडून दुसरं भाडं घ्यायचं नाही. पात्रता वैद्यकीय तपासणीवरून ठरते, नुसत्या वजनावरून नाही. खर्चाचा अंदाज प्राधिकरणानंच मांडला होता. एअर कॅनडाला तिकिटामागे ७७ सेंट, वेस्टजेटला ४४. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण तिथं अपील दाखलच करून घेतलं नाही.

हा आदेश मात्र देशांतर्गत उड्डाणांपुरता होता. कॅनडातून भारताकडे यायला चौदा-पंधरा तास बसावं लागतं, आणि त्या प्रवासाला तो लागू नव्हता.