दहा हजारांच्या अलीकडे

(परभणीतल्या एका व्याख्यानमालेत एका फिजिशियनने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार.

संयोजकांनी या व्याख्यानाला 'रोज दहा हजार पावलं' असं नाव सुचवलं होतं. ते मी बदलून घेतलं, कारण या दहा हजारांनी आपल्याकडे चालायला लागलेली माणसं परत घरी बसवली आहेत. दवाखान्यात मी हे सतत ऐकतो. पन्नाशीचे दुकानदार असतात, सकाळी गल्ल्यावर बसले की रात्री शटर ओढायलाच उठतात. मोबाइलवर दिवसाची पावलं दोन-अडीच हजार. शुगर निघाली म्हणून चालायला लागतात, पाच हजारांपर्यंत जातात, आणि मग म्हणतात, "डॉक्टरसाहेब, दहा काही होईनात, सोडून दिलं." त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की दोन हजारांवरून पाच हजारांवर येताना त्यांनी फायद्याचा मोठा वाटा आधीच पदरात पाडून घेतला होता.

हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? वैद्यकशास्त्रातून नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं ठेवलं. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. तो जगभर पसरला आणि शेवटी आपल्या मोबाइलमध्ये येऊन बसला. आकडा वाईट नाही. ज्याला जमतं त्याने जरूर चालावं. पण ती आरोग्याची पास-नापासची रेघ आहे असं कुणी मोजून ठरवलेलं नव्हतं.

मोजणी पुष्कळ उशिरा झाली. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. कमरेला यंत्र लावून त्यांची पावलं मोजली आणि पुढची चारेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. फरक किती पावलांचा? सतराशेचा. म्हणजे सतरा-अठरा मिनिटांचं चालणं. साधारण ७,५०० पावलांनंतर मात्र फायद्याची रेषा सपाट झाली. २०२२ साली पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यातही साठीच्या पुढच्यांसाठी ही रेषा सहा ते आठ हजारांवर सपाट होते, साठीच्या आतल्यांसाठी आठ ते दहा हजारांवर. २०२५ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये याहून मोठा आढावा आला. त्यात दोन हजारांच्या तुलनेत सात हजार पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. हृदयविकार, स्मृतिभ्रंश, नैराश्य, म्हातारपणी पडणं, या सगळ्यांतही घट दिसली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे कमी चालल्याने आजार की आजारामुळे कमी चालणं, हा गुंता पूर्ण सुटत नाही. संशोधक तो सोडवायचा प्रयत्न करतात, सुरुवातीच्या काळात दगावलेल्यांना हिशोबातून वगळूनही पाहतात, आणि तरीही दिशा तीच राहते. म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

या सगळ्या आकड्यांतून मला तुमच्यापर्यंत एकच गोष्ट पोचवायची आहे. सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला होतो. तापलेल्या रानात मृगाची पहिली सर जेवढी मुरते तेवढी नंतरची मुरत नाही, तसंच हे आहे. नऊ हजार चालणाऱ्याने आणखी हजार वाढवले तर चांगलंच. पण दोन हजारवाल्याने हजार वाढवले तर त्याचं आयुष्य बदलू शकतं. मला त्या दोन हजारवाल्याशी बोलायचं आहे, आणि तो आज आपल्या गावात घरोघरी आहे.

आपल्याला चालणं कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या पिढीत घरून शेतातल्या आखाड्यावर जायचं तर पायी, आठवडी बाजाराला पायी, शेजारच्या गावी सोयरिकीला पायी. पाणी विहिरीवरून, पुढे हापशावरून. सरपण रानातून. ते बंद झालं ही चांगली गोष्ट आहे, हे मी ठासून सांगतो. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला कुणी 'छान व्यायाम होतो' म्हणू नये. त्यात तिची मान जाते, कंबर जाते, मुलींची शाळा जाते. अजूनही ज्या गावांत पाणी दुरून आणावं लागतं, ज्या घरांतून ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात, त्यांच्यासाठी हे व्याख्यान नाही. त्यांना विश्रांती, पोटभर खाणं आणि घोटभर स्वच्छ पाणी लागतं, पावलं मोजायचं यंत्र नाही.

पण आपण, जे इथे खुर्च्यांवर बसलो आहोत, आपलं काय झालं? नळ आला, गॅस आला, दाराशी मोटारसायकल आली. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी आपण गाडीला किक मारतो. चालण्याची गरज एका पिढीत संपली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. यंत्रं न वापरणारा शेतकरी किती चालतो, हे उत्तर अमेरिकेतल्या अमिश लोकांमध्ये मोजलं गेलं आहे. ते आजही घोड्यांनी शेती करतात. तिथले पुरुष दिवसाला सरासरी १८ हजार पावलं चालत होते, बायका १४ हजार. आपले आजोबा-आजी त्याच्या फार मागे नसावेत, असा माझा अंदाज. आणि आपण? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलमधली नोंद तपासली. भारतीयांची सरासरी होती ४,२९७. ही स्मार्टफोनवाल्यांची सरासरी आहे, म्हणजे तुमची-माझी. खाणं मात्र फारसं बदललं नाही, उलट तेल आणि साखर वाढली. आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज असा की देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. ते लोण आता मोठ्या शहरांपुरतं राहिलेलं नाही. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, सगळीकडून पेशंट येतात, आणि त्यांत तिशीतली मुलं असतात.

बसून राहण्याचा हृदयाशी संबंध पहिल्यांदा नीट दाखवला तो लंडनच्या बसमध्ये. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, शहर तेच, घरची परिस्थितीही सारखीच. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिना चढतो-उतरतो. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. आपल्या एसटीत जिना नाही, पण पुढच्या खेपेला परभणी-नांदेड गाडीत त्या दोघांकडे जरूर बघा.

आता मोजण्याबद्दल. मोजावंच का, असा प्रश्न येतो. माझं उत्तर असं की आपला स्वतःबद्दलचा अंदाज फार उदार असतो. "माझं दिवसभर फिरणं होतंच की" असं म्हणणाऱ्याच्या मोबाइलवर अठराशे निघतात. आणि मोजल्याने फरक पडतो हे तपासलेलं आहे. २००७ साली अमेरिकेत २६ अभ्यास एकत्र केले गेले. पावलं मोजणारं यंत्र लावणाऱ्यांचं चालणं दिवसाला दोन ते अडीच हजार पावलांनी वाढलं, वरचं बीपीही जवळपास चार अंकांनी उतरलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांनी काहीतरी लक्ष्य ठरवलं होतं त्यांचं वाढलं. नुसतं यंत्र अडकवलेल्यांचं नाही.

यंत्र मात्र वेडं असतं. मोबाइलमध्ये हालचाल टिपणारा बारीकसा सेन्सर असतो. चालताना शरीराला ठरावीक लयीत हिसका बसतो, तो ओळखून तो मोजतो. खडबडीत रस्त्यावर गाडी चालवली तर तो काही पावलं फुकट देऊ शकतो. हातातलं घड्याळ भाकऱ्या थापतानाही मोजू शकतं. उलट खुरपणी, सायकल, ओझं उचलणं, यातलं बरंचसं त्याच्या हिशोबात येतच नाही. म्हणून मी सांगतो, एकदा मनात मोजत शंभर पावलं चाला आणि मोबाइल किती दाखवतो ते पाहा. ९५-१०५ दाखवत असेल तर कामाचं. बाकी, शेजाऱ्याचा आकडा आणि तुमचा आकडा यांची तुलना करू नका. यंत्र वेगळं, पाय वेगळे, दिवस वेगळा. तुलना करायची ती आपल्याच मागच्या आठवड्याशी.

बायकांच्या बाबतीत हे मोजणं सरळसरळ अन्याय करतं. साडीला खिसा नसतो. मोबाइल फ्रिजवर किंवा चार्जिंगला असतो आणि बाई घरभर फिरत असते. संध्याकाळी मोबाइल म्हणतो नऊशे, आणि नवरा म्हणतो, "बघ, तू चालतच नाहीस." मावशी, ताई, तुम्ही कमरेला छोटी पिशवी बांधून त्यात मोबाइल ठेवा आणि एकदा आठवडाभर मोजा. पुष्कळजणींचे घरातच तीन-चार हजार निघतात. पण एक सांगतो, घरातली पावलं तुटक असतात, दम लागत नाही. त्यांच्या जोडीला रोज एक सलग अर्धा तास हवा, आणि तो अर्धा तास घरातल्या इतरांनी मोकळा करून द्यायचा असतो. सकाळचा डबा हे वेळ न मिळण्याचं कारण असेल तर डबा दुसऱ्या कुणीतरी भरावा.

वेगाचं सोपं माप म्हणजे मिनिटाला शंभर पावलं. एवढ्या वेगात बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. अर्धा तास म्हणजे तीन हजार पावलं, साधारण दोन किलोमीटर. तुमची रोजची चार हजार असतील तर झाली सात. ज्याची दोन हजार आहेत त्याने पहिल्या पंधरवड्यात फक्त पाचशे वाढवायची. पाच मिनिटं. मग पुन्हा पाचशे. गुडघे दुखणाऱ्यांनी हे तुकड्यांत करावं. एकदम चालण्याने काही जास्त पुण्य मिळत नाही.

तुकड्यांत करायचं तर सगळ्यात चांगली वेळ जेवणानंतरची. शतपावली आपल्या घरात होतीच, टीव्हीने ती घालवली. चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. २०१३ सालचा एक छोटासा अभ्यास आहे, साखर थोडी वाढलेल्या वयस्कांचा. त्यात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालण्याचा परिणाम सकाळच्या सलग पाऊण तासाइतकाच चांगला निघाला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर जास्त चांगली उतरली. रात्री आठला जेवून, गल्लीत पंधरा मिनिटं. एवढंच.

आपल्याकडे ऊन हा मोठा अडथळा आहे. मे महिन्यात पारा ४३-४४च्या घरात असतो तेव्हा सकाळी सातनंतर चालायला जाऊ नका. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर झाडं आहेत, तिकडे पहाटे पाच-साडेपाचला निघा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हाळ्यात पाण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा. भर पावसात किंवा लाटेच्या दिवसांत घरातल्या घरात, व्हरांड्यात चकरा मारल्या तरी त्या पावलांत मोजल्या जातात.

आता जे सांगतो ते मधुमेह्यांनी कान देऊन ऐकावं. नवरात्रात आपल्याकडे पुष्कळजण अनवाणी राहतात. कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात, सोलापूरहून गेलं तरी ४५ किलोमीटर होतात. मी श्रद्धेच्या आड येत नाही. पण दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असते. तापलेलं डांबर कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही. मग दिवाळीत तो पाय माझ्यासमोर येतो, आणि कधी कधी बोट वाचत नाही. आईला तुमचे पाय हवे आहेत, शाबूत. देवळाच्या पायरीपर्यंत मऊ बूट आणि सुती मोजे घाला, रोज रात्री तळवे आरशात पाहा. आणि वर्षभर घरी बसून एका दिवसात साठ हजार पावलं टाकायला जाऊ नका. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे जुने वारकरी विचारा, ते महिनाभर आधीपासून पायांना सवय लावतात.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच खायचा. चालताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली आणि थांबल्यावर ती थांबली, तर 'गॅस असेल' म्हणून घरी जाऊ नका. त्याच दिवशी ईसीजी काढा.

शेवटी एक मागणी, आणि ती तुमच्याकडे नाही. लोक चालत नाहीत यात सगळा दोष लोकांचा नाही. वसमत रोडला संध्याकाळी पायी निघून पाहा. फुटपाथवर गाड्या, रस्त्याला दिवा नाही, मोकाट कुत्री. साठीच्या आजी तिथे कशा चालणार? प्रत्येक प्रभागात एक सलग, उजेडाचा, सावलीचा, बायकांना निर्धास्त वाटेल असा किलोमीटरभर रस्ता, एवढंच नगरसेवकांकडे मागू या. त्यासाठीचा अर्ज मी लिहून आणला आहे, बाहेरच्या टेबलावर आहे. सह्या करून मग जा.

आता प्रश्न घेतो. मागे बसलेल्या बाईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.