पानगळीतला वसंत : सातपुड्याच्या पायथ्याशी

[दृश्य : रावेर तालुक्यातलं पाल. उजाडतंय. उघडा पडलेला साग, मागे सातपुडा.]

खान्देशातला वसंत हिरवा नसतो. महाशिवरात्र आली की साग, सालई पानं टाकून मोकळे होतात, पायाखाली पाचोळा वाजायला लागतो, आणि खाली केळीच्या बागा सोडल्या तर डोळ्यांना गारवा असा कुठे नाही. हौशी पर्यटक या दिवसांत इकडे फिरकत नाही. बघणाऱ्यानं मात्र आत्ताच यावं. फांदीवर पान नाही, म्हणजे पाखराला आडोसा नाही. होळी उलटली की ऊन असं चढतं, की नऊ वाजताच जंगल गप्प होतं. हाती येतो तो मधला पंधरवडा, फार तर तीन आठवडे.

सूर्य वर येताना पळसाखाली उभं राहा. झाडभर केशरी फुलं आणि त्यांवर झुंबड : मैना, बुलबुल, भोरड्यांचे थवे. या भोरड्या हिवाळाभर ज्वारीच्या शेतात शिव्या खातात आणि मध्य आशियाकडे परतण्याआधी इथे मध पिऊन घेतात. पण पळसाचं खरं काम करतो तो इवलासा जांभळा शिंजीर. मधासाठी चोच खुपसताना परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेणारा. त्याचा नर हिवाळ्यात मादीसारखाच मळकट असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी. आता ती रेघ पसरायला लागते. पूर्ण चमकदार नर कुणीही ओळखेल, अर्धवट रंगलेला, ठिगळं लावल्यासारखा नर बघायचा तर हेच दिवस.

हतनूरच्या जलाशयावरचे पट्टकादंब हंसही आता उत्तरेची वाट धरतात. त्यांच्यासाठी मात्र वेगळी सकाळ राखून ठेवा.

[दृश्य : कुंपणाचा खांब, जवळून.]

साप-सरड्यांची हजेरी उशिरा लागते. अंगातली ऊब त्यांना उन्हाकडून घ्यावी लागते, त्यामुळे सात वाजता त्यांना शोधणं म्हणजे नुसती पायपीट. ऊन जरा तापलं की खांबाकडे बघा. सरडा काळपट दिसेल, अंग चपटं करून उन्हाला कूस दिलेला. गडद रंग ऊन लवकर शोषतो. अंग तापलं की रंग उतरतो आणि हा गडी जोर काढायला लागतो, बाजूच्या नराला दाखवायला. आपण दोन पावलं पुढे टाकली, की तो खांबाच्या पलीकडे.

आणि त्याच्यावर आणखी कुणाची तरी नजर असते. रानपिंगळा. हा भरदिवसा शिकार करतो आणि सरडे, पाली, सापसुरळ्या हे त्याचं नेहमीचं खाणं. ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकानं १८७३ मध्ये या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात आपल्या पश्चिम खान्देशातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र तो कुणालाच दिसेना. मध्ये १९१४ची गुजरातमधली एक नोंद होती, ब्रिटिश पक्षी-अभ्यासक माइनर्ट्‌झहागेन यांची. शोधणारे तिच्याही मागे गेले. पुढे उघड झालं, की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता! अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याचं डोकं जवळजवळ साधं. यावलच्या जंगलातही तो आहे. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याच्या विणीत व्यत्यय येतो.

[दृश्य : सुकी नदीचा ओला काठ.]

दहाच्या आसपास फुलपाखरांची पाळी. ओल्या वाळूवर बसलेले बहुतेक नर असतात, मातीतले क्षार शोषणारे. याला चिखलपान म्हणतात. काठावरच्या रुईपाशी बिबळ्या कडवा रेंगाळतो. त्याची अळी रुईची विषारी पानं खाऊन वाढते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि त्यालाही उडायची घाई नसते. छोट्या चांदव्याची मादी हुबेहूब हाच वेश घेते. मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतील तर कडवा, वरच्या कडेला एकच असेल तर चांदवा. इथे दुर्बीण नको, गुडघे टेका.

टेकण्याआधी जमीन मात्र बघून घ्या. हा फुरशांचा मुलूख आहे. दगड उलटून बघायची खोड घरी ठेवून या, आणि दंश झालाच तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना.

मार्चमध्ये मोह गळायला लागतो. इथल्या कित्येक घरांची ती कमाई आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, आणि त्यात पाचोळ्यातलं सगळं सरपटणारं होरपळतं. जिथे पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारलेला दिसेल, तिथे जरा वेळ काढा. सापसुरळ्या तिथेच जास्त भेटतील.