शिरपूरपासूनची उतरण

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुंबईहून इंदूरला येताना शेजारच्या आजींनी मला विचारलं, "अजून अर्धा तास आहे म्हणतात, मग इंजिनं का बंद केली?" मी आयुष्यभर विमानं चालवली, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला. इंजिनं बंद नव्हती, आयडलवर, म्हणजे कमीत कमी ताकदीवर, आली होती. आवाज मंदावला, तो आजींच्या कानांनी बरोबर टिपला.

समजा, विमान ३५,००० फुटांवर आहे. बिजासन टेकडीजवळचा आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच. म्हणजे उतरायचं ३३,००० फूट. आमचा तोंडी हिशेब असा, की हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. तेहतीस त्रिक नव्व्याण्णव, म्हणजे जवळजवळ १८५ किलोमीटर. मुंबईकडून सरळ रेघ ओढली तर हे अंतर शिरपूरच्या आसपास भरतं. सातपुडा, नर्मदा अजून पुढेच आहेत आणि इथे उतरण लागलीसुद्धा.

चढण इंजिनांच्या ताकदीवर. सुरुवातीला मिनिटाला दोन-अडीच हजार फूट सहज. वर हवा विरळ झाली की शेवटची काही हजार फुटं पाचशे-सातशेच्या दरानं.

उतरण मात्र अवघड. भेरू घाट उतरताना गाडी आपोआप पळायला लागते, तसंच विमानाचं. झपाट्यानं खाली यायचं आणि वेगही कमी करायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही. आणि १०,००० फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे तासाला २५० नॉटिकल मैलांच्या, आत हवा. म्हणून आधी थोडं सपाट उडून वेग उतरवायचा, किंवा पंखांवरच्या पट्ट्या, म्हणजे स्पीडब्रेक, उचलायचे. तेव्हा विमान थरथरतं, घाबरू नका. शेवटी तीन अंशांचा उतार. १४० नॉट वेग असेल तर मिनिटाला ७०० फूट. वेगाला पाचानं गुणायचं, की दर मिळाला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. विमान एकाच वेळी दोन उंचींवर असतं. बाहेरून ३५,००० फुटांवर, आतून फार तर ८,००० फुटांवर, म्हणजे आतल्या हवेचा दाब तेवढ्या उंचीवर असतो तितका. इंजिनांकडून आत हवा येत राहते आणि शेपटीकडची एक झडप ती किती बाहेर सोडायची ते ठरवते. सराफ्यातून घेतलेलं शेवेचं बंद पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं, ते याच ८,००० फुटांमुळे.

आणि ही आतली उंची आम्ही कानांच्या बेतानं बदलतो. चढताना मिनिटाला ५०० फुटांपर्यंत चालतं, कारण कानातली जास्तीची हवा आपणहून बाहेर पडते. उतरताना ती आत घ्यावी लागते, आणि कानाची नळी गिळल्याशिवाय नीट उघडत नाही. म्हणून दर ३०० च्या आसपास. ८,००० वरून १,८५० वर यायला वीस मिनिटं लागतात. तेवढाच वेळ बाहेर ३३,००० फूट उतरायलाही हवा असतो. हे दोन हिशेब जुळतात, तेव्हा प्रवाशाला काहीच जाणवत नाही, आणि त्यातच आमचं समाधान.

झोपेत माणूस कमी गिळतो. तेव्हा आवाज मंदावला, की मांडीवरच्या नातवाला उठवा आणि दूध पाजा. चाकं टेकण्याची वाट पाहू नका.