खोकला, अँटिबायोटिक आणि क्ष साहेबांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. दवाखान्यात सर्दी-खोकल्याचा पेशंट आला की मागणी ठरलेली, डॉक्टर जरा स्ट्राँग गोळी द्या. पण सर्दी-खोकला हा बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक, म्हणजे बॅक्टेरिया मारणारं औषध, चालत नाही. परत सांगतो, व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. कफ हिरवा-पिवळा झाला, एवढ्यावरून सुद्धा ती लागतेच असं नाही.

आता माझी आवडती गोष्ट ऐका. पेनिसिलिन हे अँटिबायोटिक शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग, १९४५ साली त्यांना नोबेल मिळालं, फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत. असा मान मिळाल्यावर माणूस आपल्या औषधाचं कौतुकच करणार ना? पण फ्लेमिंगनी नोबेलच्या भाषणात धोका सांगितला, की उद्या हे औषध कुणीही दुकानातून आणेल आणि कमी डोस घेईल. आणि एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एक क्ष साहेब, त्यांचा घसा दुखायला लागला. त्यांनी स्वतःच पेनिसिलिन आणलं आणि थोडंसंच घेतलं, जंतू मरतील इतकं नाही, पण औषधाला तोंड कसं द्यायचं हे शिकतील इतकं. मग तोच जंतू गेला त्यांच्या बायकोकडे. तिला झाला न्यूमोनिया, पेनिसिलिन दिलं, पण आता जंतू दाद देईना आणि बाई गेली. याला जबाबदार कोण, तर क्ष साहेब, असं फ्लेमिंगनी तिथेच सांगितलं. अहो, औषध नवंकोरं होतं तेव्हा! मला हे आठवलं की आजही काळजात धस्स होतं, कारण घरात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आपण सगळेच ठेवतो.

मग औषध कधी लागतं? लहान मुलाचा श्वास मोजा, मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चाललाय. आणि हो, माझं स्पष्ट मत, प्रत्येक दवाखान्यात सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ हवंच, भिंतीवर पोस्टर कमी असली तरी चालतील. तर श्वास जोरात असेल तर त्याच दिवशी दवाखाना, न्यूमोनिया निघाला तर अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देतात, ते सांगितलेले सगळे दिवस द्या. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले किंवा मूल दूध-पाणी घेईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.