पुलाचा नकाशा निघण्याआधी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि कापसाचा शेवटचा वेचा बाजूला ठेवून आलेल्या मायबहिणींनो, बांधवांनो,

आपला नदीवरचा जुना पूल पाडून नवा होणार, हे सगळ्यांच्या कानावर आहे. कोणी म्हणतं मंजुरी आली, कोणी म्हणतं मोजणी झाली. मला एवढंच सांगा, या सभागृहातल्या कोणाला कोणी काही विचारलं का? (सभागृहातून: "नाही!") मग आजचा विषय याच "नाही"चा आहे.

आधीच सांगतो, मी नव्या पुलाच्या विरोधात नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत प्रवाशांनी भरलेल्या एसटी गाड्या गेल्या. म्हातारा पूल वेळेत उतरवलाच पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या जागी काय येतं आणि ते कोणाला विचारून येतं, याबद्दल आहे.

एका पुलाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, पण ते इथून फार लांब नाही. तिथं नदीवर रपटा होता, म्हणजे पाणी चढलं की बुडणारा ठेंगणा पूल. दरवर्षी पाणी चढलं की गाव तुटायचं, बाळंतीण अडायची, पोरांची शाळा बुडायची. लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली आणि शेवटी उंच पूल झाला. पुलात खोट नाही, आजही ठणठणीत उभा आहे. पण पूल उंच झाला म्हणून दोन्हीकडचे पोचमार्ग उंच झाले. जिथं सपाट रस्ता होता तिथं माणसाच्या डोक्याच्या वर मुरमाचा भराव आला. गावातलं पावसाचं पाणी ज्या नाल्यानं नदीला मिळायचं, त्या नाल्याला भरावाखालून एकच नळाची मोरी ठेवली. पहिल्याच मोठ्या पावसात नदी फुगली, मोरीतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत आलं आणि खालच्या मोहल्ल्यात चुलीपर्यंत पोचलं. जो पूल पुरापासून वाचवायला बांधला, त्यानंच पाणी घरात आणलं.

मी गेलो तेव्हा जिनिंगला निघालेली कापसाची एक बंडी चढावर अडकली होती. उजवीकडचा बैल गुडघ्यावर आलेला. शेतकरी कासरा धरून, बायको मागून चाकाला खांदा लावून, आणि बारा-तेरा वर्षांचं पोरगं हातात दगड घेऊन. बंडी वीतभर सरकली की ते चाकामागे दगड सारायचं. रोजची सवय झाल्यासारखं ते काम चाललं होतं. आराखड्यात चढ किती टक्के धरला ते मला कागदावर वाचता येतं. तो चढ भरल्या बंडीला कसा लागतो, ते त्या बाईला विचारायला हवं होतं.

तिथंच एक ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, बाबा भेटले. त्यांनी मला हात धरून मारोतीच्या देवळाकडे नेलं, ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मोठ्या पुरात पानी अठीलोक आलं होतं जी. पन नदीतून नाही, नाल्यातून आलं. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं." अभियंत्याच्या भाषेत याला फुगवटा म्हणतात. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाला उलटा भरतो. बाबांनी ते जन्मभर डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि हे विचारणं म्हणजे मेहरबानी नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसची लहान पुलांसाठीची मार्गदर्शिकाच सांगते की पुराची कमाल पातळी ठरवताना काठावरच्या खुणा पाहा, स्थानिक लोकांकडे चौकशी करा. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीनं नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा घास घेतला, दोनशेहून जास्त माणसं गेली. असा पूर ज्यानं पाहिला, त्याला पाण्याची पातळी वहीत शोधावी लागत नाही.

मुंबईत तर तज्ज्ञांची कमी नाही ना? अंधेरीचा गोखले पूल धोकादायक म्हणून 2022 मध्ये बंद केला. 2024 च्या फेब्रुवारीत नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळेना. उंचीत मीटरभराहून जास्त फरक. तिथून रोज जाणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडला असता, की पूर्वी इथून सरळ जायचो, आता कसं जायचं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. छापलेला विषय तर आता सुरू होतो, म्हणून भरभर सांगतो.

विचारायचं केव्हा? अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता होण्याआधी. निविदा निघाली की प्रत्येक बदल म्हणजे वाढीव खर्च आणि लांबलेली मुदत. मग सभा घेतली काय, न घेतली काय.

विचारायचं कोणाला? आपला पूल बांधकाम विभागाचा, अलीकडचा काठ नगरपंचायतीचा, पलीकडचा ग्रामपंचायतीचा. पुलावरून सगळ्यात जास्त पायी येतात ते पलीकडचे, आणि इथल्या नगरपंचायतीत त्यांचं मत नाही. म्हणून पलीकडच्या ग्रामसभेचा ठराव झालाच पाहिजे.

विचारायचं काय? गर्डर किती जाडीचा, सळई किती, हे लोकांनी ठरवायचं नाही. ते शास्त्राचं काम. पाणी कुठवर येतं, बंड्या-ट्रॅक्टर कुठून चढतात, मसणवटीची वाट कुठून जाते, शाळेच्या पोरींना पायवाट आहे का, आणि बांधकाम चालू असताना पावसाळ्यात वळणरस्ता टिकेल का, हे लोकांनी सांगायचं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 म्हणतं की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांची वस्तुस्थिती कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायची. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. सिमेंटचा नमुना शेतकरी मागू शकतो, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

तर ठरवू या. रविवारी सकाळी जुन्या पुलाजवळ दोन्ही काठांचे लोक जमा. टेप आणि चुना मी आणतो. म्हाताऱ्या माणसांना गाडीवर बसवून आणायचं काम तरुणांनी घ्यावं. पूर कुठवर आला होता त्या प्रत्येक खुणेसमोर वर्ष लिहायचं, सांगणाऱ्याची सही घ्यायची. ती यादी अर्जासोबत कार्यकारी अभियंत्यांकडे जाईल, एक प्रत नगरपंचायतीला, एक ग्रामपंचायतीला, आणि तिन्हीकडून पोच घ्यायची. अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे.