गरीब कोणाच्या हद्दीतला?

मंडळी, घरपट्टी भरताना आपल्या डोळ्यांपुढे रस्ते, दिवे, गटारं येतात. इंग्लंडमधल्या घरपट्टीचा इतिहास उलगडू लागलो, की आधी भेटतो तो भाकरीचा प्रश्न.

आठव्या हेन्रीने मठ बंद केले आणि भुकेल्याला मिळणारा एक जुना आधार तुटला. पुढे एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्याने सांगितलं, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपापले गरीब सांभाळायचे. त्यासाठी गावातलेच ओव्हरसिअर नेमायचे, घरजमीन असणाऱ्यांकडून पट्टी गोळा करायची आणि वर देखरेख जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक मानद न्यायाधीश, यांची. जुन्या मुंबईचे 'जे.पी.' तुम्हाला ठाऊक आहेत; एकोणिसाव्या शतकात शहराचा कारभार त्यांच्या हाती होता. इंग्रजांनी ते पद इकडे आणलं, गरीबपट्टी आणली नाही. मला ही गोष्ट फार लागते.

पण पट्टी आली की हद्द आली. आमच्या पैशावर परगावचा का जगावा, हा प्रश्न गावागावांत उभा राहिला. १६६२ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहणारा नवखा माणूस चाळीस दिवसांच्या आत परत धाडता येऊ लागला. त्याने मदत मागायचीही गरज नव्हती. पुढेमागे मागेल, एवढा संशय पुरे. अविवाहित बाईचं मूल जिथे जन्मेल, त्या पॅरिशवर त्याचा भार. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांना हद्दीपार नेण्याची ओव्हरसिअरांना घाई. १६९७ पासून मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' अक्षर शिवायचं, सोबत पॅरिशचं आद्याक्षर. अंगावरच्या कपड्यावरच लिहिलेलं, की हा कोणाच्या खर्चाचा.

१८३४ मध्ये पॅरिशांचे गट करून त्यांवर निवडून आलेली गार्डियन मंडळं बसवली. धडधाकट माणसाला मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून राबवून घेणाऱ्या घरात, या, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून खालचंच असेल, हे धोरण. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं त्याच हाडांना चिकटलेलं मांस आणि आतला मगज चोखून खात होती. १८४५ मध्ये हे उघड झालं.

हद्दीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याला खरा हात घातला पूर्व लंडनच्या पॉपलरने. गोदीकामगारांची वस्ती, बेकारी भरमसाट, म्हणजे जिथे गरीब जास्त तिथेच पट्टी जड. श्रीमंत वेस्टमिन्स्टर त्याच शहरात, पण त्याची तिजोरी वेगळी. १९२१ मध्ये जॉर्ज लॅन्सबरी आणि सहकाऱ्यांनी लंडन काउंटी कौन्सिल, म्हणजे सबंध लंडनचा कारभार पाहणारी संस्था, वगैरेंसाठीची पट्टी वसूल करायलाच नकार दिला. तीस नगरसेवक तुरुंगात गेले, त्यांत बायकाही होत्या. सभा ब्रिक्स्टन तुरुंगात भरायची आणि हॉलोवे तुरुंगातून या बायकांना तिथे आणलं जायचं. सहा आठवड्यांनी सगळे सुटले. लगोलग कायदा झाला आणि घरी राहणाऱ्या गरिबांच्या मदतीचा बोजा सबंध लंडनवर वाटला गेला. त्या नगरसेविकांपैकी मिनी लॅन्सबरी १ जानेवारी १९२२ रोजी वारली. वय ३२.

गार्डियन मंडळं १९३० मध्ये गेली. १९४८ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमाने जुना गरीब कायदा संपवला आणि गरजूच्या हाती पैसे द्यायचं काम गावाच्या पट्टीवरून देशाच्या तिजोरीवर गेलं.